हेडफोनवर गुरगुरणारा बेस सभागृहात नाहीसा का होतो? (आक्रमक सिंथ-बेस घडवण्याविषयी)

खर्जवेडा (धागाकर्ता)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी फावल्या वेळात ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक प्रकारचे संगीत तयार करत आहे. मागच्या महिन्यात एका छोट्या कार्यक्रमात माझा एक तुकडा मोठ्या स्पीकरवर वाजवण्याची संधी मिळाली आणि त्यात जी फजिती झाली, तिचे कारण मला अजूनही नीट उमगलेले नाही. घरी हेडफोनवर जो बेस, म्हणजे खर्जातला ध्वनी, अंगावर धावून येतो असे वाटत होते, तोच सभागृहात पहिले दोन ठोके दणदणीत वाजून मग तळातून निघून जात होता. मागे नुसती करकर उरत होती आणि क्षणभराने तळ पुन्हा परत येत होता. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी "तुमच्या फाइलमध्येच काहीतरी आहे" असे सांगून हात झटकले. मला तेव्हा ते पटले नाही आणि मी थोडा वादही घातला.

ध्वनीची रचना अशी आहे. दोन सॉ ऑसिलेटर (करवतीच्या दात्यांसारखी लहर देणारे ध्वनिजनक), एक १२ सेंट वर आणि दुसरा १२ सेंट खाली (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग); पहिला पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. त्यापुढे वरचे स्वर कापणारा लो-पास फिल्टर, त्याचा कटऑफ (कापण्याची सीमा) ६०० हर्ट्झच्या आसपास एलएफओने, म्हणजे संथ लहरणाऱ्या ऑसिलेटरने, हलता, आणि शेवटी डिस्टॉर्शन, म्हणजे लहर मुद्दाम विकृत करणे. मूळ स्वर ए, म्हणजे ५५ हर्ट्झ. गती मिनिटाला १७४ मात्रा. स्वर चार-चार मात्रा धरून ठेवलेले आहेत. वेगळा सब, म्हणजे अगदी तळाचा स्वतंत्र स्वर, घेतलेला नाही, कारण हेडफोनवर त्याची उणीव कधी जाणवलीच नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. तळ जातो कुठे? आणि हा ध्वनी अधिक आक्रमक करायचा असेल, तर नुसते डिस्टॉर्शन वाढवण्यापलीकडे काय करता येईल? डिस्टॉर्शन वाढवले की तो आक्रमक होण्याऐवजी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो, हा माझा अनुभव आहे.

जोडतार

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण दिलेल्या आकड्यांतच आहे, आणि त्या गृहस्थांचे म्हणणे बरोबर होते असे सांगताना मला वाईट वाटते.

तानपुरा लावताना जोडीच्या दोन तारांपैकी एक किंचित उतरलेली असेल, तर नाद स्थिर न राहता फुगतो आणि ओसरतो, हे आपण ऐकले असेल. तारा जितक्या जवळ येतात तितकी ती लहर संथ होते आणि तारा मिळाल्या की थांबते. आपण दोन ऑसिलेटर मुद्दाम न मिळवता ठेवले आहेत, म्हणून ही लहर कायम चालू राहते. तिचा वेग म्हणजे दोन कंपनसंख्यांमधील फरक. ५५ हर्ट्झवर एकूण २४ सेंटचे अंतर सुमारे ०.७६ हर्ट्झ इतके होते, म्हणजे दर १.३ सेकंदांनी एक लहर पूर्ण होते. दोन्ही ऑसिलेटर एकाच फेजपासून, म्हणजे आवर्तनातल्या एकाच जागेपासून, सुरू होत असतील, तर साधारण ०.६५ सेकंदांनी ते एकमेकांच्या बरोबर विरुद्ध येतात आणि मूळ स्वर शून्य होतो. १७४ च्या गतीला दोन मात्रा ०.६९ सेकंदांच्या होतात. आपण "पहिले दोन ठोके दणदणीत" असे जे लिहिले आहे, ते या गणिताशी तंतोतंत जुळते.

मग हेडफोनवर हे का होत नाही? कारण तेथे एक ऑसिलेटर फक्त डाव्या कानाला आणि दुसरा फक्त उजव्या कानाला मिळतो. हवेत त्यांची भेटच होत नाही, त्यामुळे प्रत्येक कानाला आपापला मूळ स्वर अखंड ऐकू येतो. मोठ्या ध्वनिव्यवस्थेत मात्र तळाचे स्पीकर बहुधा मोनो चालवतात. तेथे डावे आणि उजवे एकत्र बेरजेला येतात आणि वजाबाकी होऊन बसते.

आणखी एक गंमत आहे. दोन सारख्या सॉ लहरी अर्ध्या आवर्तनाने सरकून मिळाल्या, की पहिला, तिसरा, पाचवा असे सगळे विषम उपस्वर (मूळ कंपनसंख्येच्या पटीतले स्वर) एकदम नाहीसे होतात आणि सम उपस्वर तेवढे उरतात. याचा अर्थ त्या क्षणी आपला बेस केवळ बारीक होत नाही, तर एक सप्तक वर उडी मारतो. सभागृहात उरलेली ती करकर आपल्याला वरच्या स्वराची वाटली होती का, हे जरा आठवून पाहावे.

डग्गा

फार खोलात न जाता एक तपासणी सुचवतो. मास्टर ट्रॅकवर मोनो करणारे कोणतेही साधन लावा, हेडफोन तेच ठेवा आणि तो चार मात्रांचा स्वर डोळे मिटून ऐका. जोडतार म्हणतात तसे असेल, तर सभागृह घरीच अवतरेल.

खर्जवेडा

अवतरले. मोनो केल्याबरोबर तोच प्रकार ऐकू आला आणि घड्याळ लावून पाहिले, तर दहा लहरींना तेरा सेकंद लागले. मधल्या क्षणी स्वर खरोखरच एक सप्तक वर गेल्यासारखा वाटतो. सभागृहात मला तो स्पीकरचा दोष वाटला होता. त्या गृहस्थांना फोन करून दिलगिरी व्यक्त केली आहे. ते हसले आणि "दर आठवड्याला एक तरी असा येतो" म्हणाले.

आता उपाय काय? डीट्यून, म्हणजे सेंटांचा तो फरक, काढून टाकले तर ध्वनी निर्जीव होतो.

मधलीपट्टी

डीट्यून काढू नका, ते फक्त चुकीच्या मजल्यावर राहते आहे. माझ्या मते आक्रमक बेसविषयी सर्वांत जास्त गैरसमज येथेच आहे. बेस आक्रमक वाटतो तो त्याच्या तळामुळे वाटतच नाही. तळाचे काम वजन देण्याचे आहे आणि वजन स्थिरच असावे लागते. दात, नखे, गुरगुर हे सगळे साधारण १५० हर्ट्झपासून दोन-अडीच हजार हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात असते. एकाच ध्वनीकडून ही दोन्ही कामे करून घ्यायला गेलो, की हलणाऱ्या भागासोबत वजनही हलते आणि आपली झाली तशी फजिती होते.

म्हणून ध्वनीचे दोन भाग करावेत. खाली एक शुद्ध साइन (उपस्वर नसलेली साधी लहर), ५५ हर्ट्झ, पूर्ण मोनो, कोणतेही डीट्यून नाही, आणि प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला फेज शून्यापासून सुरू होईल अशी जुळणी. ही शेवटची गोष्ट अनेकजण विसरतात. ऑसिलेटर मोकळा फिरत असेल, तर किकशी (मोठ्या ड्रमच्या ठोक्याशी) त्याचे नाते प्रत्येक ठोक्याला बदलते. एक ठोका भरदार लागतो, पुढचा पोकळ लागतो, आणि माणूस तासभर कॉम्प्रेसरच्या चाव्या फिरवत बसतो. वर आपला सध्याचा ध्वनी, पण ११० हर्ट्झच्या आसपास हाय-पास करून, म्हणजे त्याखालचे कापून. असे केल्यावर त्यातला मूळ स्वरच निघून जातो. दुसरा उपस्वर सेकंदाला दीड वेळा, दहावा साडेसात वेळा अशा निरनिराळ्या वेगांनी लहरत राहतात. ती सगळी चलबिचल आपल्याला हवीच आहे, आणि खाली स्थिर साइन असल्यामुळे आता ती वजनाला हात लावू शकत नाही.

मात्र हाय-पास फिल्टर त्या सीमेजवळ फेज सरकवतो, त्यामुळे दोन भाग जोडल्यावर शंभरच्या आसपास खड्डा पडू शकतो. सबची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून पाहावी आणि दोन्हींपैकी जो पर्याय अधिक भरीव लागेल तो ठेवावा. यात तत्त्वज्ञान काही नाही, कानाने निवडायचे. वरच्या भागातही ऑसिलेटर पूर्ण डावीकडे-उजवीकडे ठेवण्याऐवजी थोडे मध्याकडे आणावेत.

मुळाकाठ

मधलीपट्टी यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. आजकाल प्रत्येक शिकवणीत "सब वेगळा करा" हे मंत्रासारखे सांगितले जाते, आणि त्यामुळे सगळ्यांचे बेस एकाच गिरणीतून दळून आल्यासारखे वाटतात. खर्जवेडा यांनी जो ध्वनी बनवला आहे, त्याचे मूळ डेट्रॉइटमध्ये आहे. केव्हिन सॉन्डरसन यांनी १९८८ साली रीस या नावाने एक रेकॉर्ड काढली आणि तिच्यातला बेस कॅसिओ सीझेड-५००० वर केलेला होता. १९९४ मध्ये रे कीथ यांनी रेनेगेड या नावाने केलेल्या जंगल (ड्रम अँड बेसच्या आधीचा प्रकार) रेकॉर्डमध्ये तोच बेस नमुना म्हणून घेतला, आणि तेव्हापासून या जातीच्या बेसला रीस असेच म्हणतात. तळ फुगणे आणि ओसरणे हा त्या ध्वनीचा श्वास आहे. तो काढून खाली इस्त्री केलेली साइन लावली, तर उरते काय?

मधलीपट्टी

हरकत रास्त आहे. मीही जुन्या पद्धतीचा रीस एकसंध ठेवतो, पण तेव्हा तो मोनोच ठेवतो, म्हणजे ओसरणे हेडफोनवर आणि सभागृहात सारखेच ऐकू येते आणि ते कोठे यावे हे मला ठरवता येते. डीट्यून सेंटऐवजी हर्ट्झमध्ये देता येत असेल, तर लहर सगळ्या स्वरांवर एकाच वेगाची राहते. सेंटमध्ये दिले, तर एक सप्तक वर गेल्यावर ती दुप्पट वेगाने धावते. १७४ ला चार मात्रा १.३८ सेकंदांच्या होतात. फरक ०.७२५ हर्ट्झ ठेवला, तर प्रत्येक आवर्तनाच्या समेवर बेस भरलेला येतो. असा नेमून दिलेला श्वास मला मान्य आहे. खर्जवेडा यांचा अपघाताने गेला होता.

खर्जवेडा

दोन्ही करून पाहिले. या तुकड्यासाठी वेगळा सबच बरा वाटतो, कारण मला वरच्या भागावर बरेच अत्याचार करायचे आहेत. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या का? पुठ्ठ्याचे काय?

मधलीपट्टी

वळू या. पुठ्ठा होण्याची कारणे माझ्या पाहण्यात दोन आहेत.

पहिले कारण असे, की डिस्टॉर्शनमध्ये तळ आणि मध्य एकत्र गेले, तर तळाची मोठी लहर मधल्या लहरींना दर आवर्तनाला भिंतीवर नेऊन आपटते. त्या तेवढ्या वेळापुरता मधला तपशील चिरडला जातो. शिवाय डिस्टॉर्शनमधून दोन स्वर गेले, की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. ५५ सोबत त्याचा पंचम म्हणजे ८२.५ घातला, तर २७.५ चा एक अनाहूत पाहुणा तळात येऊन बसतो. सब वेगळा केल्यावर हे कारण बऱ्याच अंशी दूर होते, आणि आपल्याला ते ऐकू आलेच असेल.

दुसरे कारण क्रमाचे आहे. आपण फिल्टर आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावले आहे, पण फिल्टरला रेझोनन्स दिलेला दिसत नाही. लो-पास फिल्टरने वरचे उपस्वर कापायचे आणि मग डिस्टॉर्शनने त्याच जागी सगळीकडे सारखे उपस्वर पसरायचे, यात हालचाल दिसेनाशी होते. रेझोनन्स वाढवून पाहावा. कटऑफजवळचा उपस्वर इतरांपेक्षा उंच होतो, डिस्टॉर्शनवर तोच जोराने आदळतो, आणि कटऑफ सरकला की आदळणारा उपस्वर बदलतो. किंचाळणे ज्याला म्हणतात, ते हेच आहे. मग डिस्टॉर्शनच्या पुढे दुसरा फिल्टर लावून वरची धूळ झाडावी. माझा नेहमीचा क्रम फिल्टर, डिस्टॉर्शन, नॉच फिल्टर, पुन्हा हलके डिस्टॉर्शन असा असतो. नॉच म्हणजे ध्वनीत पाडलेली एक अरुंद फट, आणि ती ३०० ते १५०० हर्ट्झमध्ये हळू सरकवली, की न्यूरोफंक या ड्रम अँड बेसच्या उपप्रकारातली ती तेलकट गुरगुर मिळते.

डिस्टॉर्शनची जातही पाहावी. वरून आणि खालून सारखे कापणारे डिस्टॉर्शन साइनला फक्त विषम उपस्वर जोडते आणि पोकळ, लाकडी लागते. एकाच बाजूने जास्त कापणारे सम उपस्वरही जोडते आणि जाड लागते, पण त्याने लहर शून्यरेषेवरून सरकते, म्हणून त्यानंतर २०-३० हर्ट्झला हाय-पास लावणे विसरू नये.

जवारी

नॉच आणि सरकता रेझोनन्स यांच्याविषयी वाचताना तानपुऱ्याची जवारी आठवली. तारेखाली सुताचा जीव केसभर सरकवला, की नादातला उपस्वरांचा धबधबा उघडतो किंवा मिटतो आणि खर्जाच्या तारेतून गांधार बाहेर पडतो. तो गांधार म्हणजे पाचवा उपस्वर. ५५ च्या स्वरावर तो २७५ ला येईल. मी रेझोनन्सचा कटऑफ एलएफओला बांधून न देता हाताने फिरवतो आणि या २७५ वर मुद्दाम क्षणभर थांबतो. बेस गातो आहे असे वाटते आणि मग चवताळतो.

स्वरव्यंजन

गाण्यापेक्षा बोलण्याविषयी थोडे लिहितो. डबस्टेप या बेसप्रधान नृत्यसंगीतात जो बेस "याऊ याऊ" करत बोलतो, त्यात दोन बँड-पास शिखरे (ठरावीक पट्टाच उचलणारे फिल्टर) स्वरांच्या जागी ठेवून सरकवलेली असतात. पीटरसन आणि बार्नी या संशोधकांच्या १९५२ च्या मापनात अमेरिकी पुरुषांच्या आवाजात "आ" ची पहिली दोन शिखरे ७३० आणि १०९० हर्ट्झला, "ई" ची २७० आणि २२९० ला, तर "ऊ" ची ३०० आणि ८७० ला आढळली होती. मराठी स्वर थोडे इकडेतिकडे असतील, पण बेसला उच्चाराची परीक्षा द्यायची नसते. "ई" कडून "आ" कडे जाताना पहिले शिखर वर चढते आणि दुसरे खाली उतरते, आणि ही विरुद्ध दिशांची चाल हेच सगळे रहस्य आहे. एकच शिखर वर-खाली केले, तर फक्त "वॉव वॉव" ऐकू येते.

त्या शिखरांना खाद्य मात्र भरपूर हवे. सॉ चालतो, पण मी एफएम, म्हणजे एका ऑसिलेटरने दुसऱ्याची कंपनसंख्या ढवळण्याची पद्धत, वापरतो. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये शोधलेली आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स७ या सिंथने घरोघरी पोहोचवलेली ही पद्धत आक्रमक बेससाठी फार सोयीची आहे, कारण तिच्यात उपस्वरांचे प्रमाण एका चावीने वाढते आणि घटते. ढवळणारा ऑसिलेटर मूळ ऑसिलेटरच्या बरोबरीच्या कंपनसंख्येचा ठेवला, तर सगळे उपस्वर मिळतात, दुप्पट ठेवला, तर फक्त विषम मिळतात, १.४१ सारखे वेडेवाकडे प्रमाण दिले, तर पत्रा वाजतो. ढवळण्याची पातळी एका एन्व्हलपने (वेळेनुसार पातळी बदलणाऱ्या रेषेने) पहिल्या ८० मिलिसेकंदांत वरून खाली आणली, की प्रत्येक स्वराच्या तोंडाशी चावा येतो. व्हायटल या सिंथची मोफत आवृत्ती यासाठी पुरेशी आहे. कोणी प्रीसेटांचे गाठोडे विकायला आले, तर आधी आठवडाभर हे करून पाहावे.

मुळाकाठ

एफएमनंतर डिस्टॉर्शन लावताना ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त नमुना-दराने काम करणे) चालू आहे ना, हे पाहावे. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २२,०५० च्या वर जन्मलेले उपस्वर परत खाली दुमडले जातात. स्वर वर सरकत असताना एखादी बारीक शिटी उलट खाली येताना ऐकू आली, तर ती हीच असते. काहींना ती आवडते. मला नाही.

विषय निघालाच आहे, तर एक अवांतर. रेझोनन्स आणि सरकता कटऑफ म्हटले, की रोलँड टीबी-३०३ हे बेस-सिंथ आलेच. शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताच्या कितीतरी आधी, १९८२ साली, मुंबईचे चरणजित सिंग यांनी हे यंत्र टीआर-८०८ या तालयंत्रासोबत वापरून दहा रागांची तबकडी केली होती. त्यात कटऑफ आलाप घेतल्यासारखा सरकतो, आणि आक्रमकता शोधून सापडत नाही. तेच यंत्र पुढे लोकांनी डिस्टॉर्शन पेडलमधून काढले आणि ते चावू लागले. म्हणजे चावा सिंथमध्ये असतोच असे नाही.

डग्गा

तालाविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. एलएफओ आठव्या भागावर लावून सोडून दिला, की कितीही क्रूर ध्वनी चार आवर्तनांत गिरणीच्या पट्ट्यासारखा वाटू लागतो. मी आधी बेसची ओळ तोंडाने म्हणतो, अगदी डग्ग्याचे बोल म्हणावेत तशी, "घेंऽ गे, कत्, घेंऽऽ". जेथे "कत्" आहे तेथे पूर्ण शांतता ठेवतो, फिल्टर बंद, सबही बंद. जेथे "घेंऽऽ" आहे तेथे मनगट दाबून काढलेल्या मींडेसारखा स्वर दोन-तीन सूर वर सरकवतो. मग त्या बोलांप्रमाणे कटऑफची रेषा हाताने काढतो. शांततेनंतर येणारा ध्वनी तितकाच मोठा असूनही दुप्पट अंगावर येतो.

मधलीपट्टी

याला जोडूनच रिसॅम्पलिंग. वरच्या भागाची आठ आवर्तने, सगळ्या चाव्या हाताने फिरवत, ऑडिओ म्हणून ध्वनिमुद्रित करा. त्यातले नव्वद टक्के टाकाऊ असते. उरलेल्यातून अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे तुकडे कापून डग्गा यांच्या बोलांवर बसवा, कापलेल्या जागी दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर टक् असा आवाज येतो, आणि पुन्हा एकदा हलक्या डिस्टॉर्शनमधून काढा. सब मात्र कधीही रिसॅम्पल करू नका. तो शेवटपर्यंत सिंथमध्येच जिवंत राहू द्या.

खर्जवेडा

चार संध्याकाळी यातच गेल्या. सध्याची स्थिती अशी आहे. सब वेगळा, मोनो, फेज शून्यापासून. वरचा भाग ११० ला हाय-पास, पोलॅरिटी उलटल्यावर जास्त भरीव लागली म्हणून उलटीच ठेवली आहे. रेझोनन्स साठ टक्के, त्यापुढे एका बाजूने कापणारे डिस्टॉर्शन, त्यापुढे हाताने सरकवलेला नॉच. साडेअकरा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून सात तुकडे कामाचे निघाले. पुठ्ठा गेला. फोनच्या स्पीकरवर ५५ हर्ट्झ वाजणे शक्य नाही हे माहीत असूनही बेसचा स्वर आता तेथेही ओळखू येतो.

जोडतार

फोनवर ओळखू येतो, कारण ५५ च्या पटीतले वरचे उपस्वर ऐकून कान गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो.

खर्जवेडा

एक शेवटची शंका. हाच तुकडा ए ऐवजी खालच्या ई मध्ये नेला, तर अधिक जड वाटेल का?

जोडतार

कागदावर वाटेल. ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ, आणि अनेक सभागृहांतल्या तळाच्या स्पीकरांचा जोर पंचेचाळीस-पन्नासच्या खाली झपाट्याने कमी होतो. जड होण्याऐवजी हलके वाटण्याचीच शक्यता जास्त. मध्यम मार्ग हवा असेल, तर एफ किंवा जी, म्हणजे ४३.७ किंवा ४९ हर्ट्झ, करून पाहावे. डीट्यून सेंटमध्ये असेल, तर लहरही संथ होईल. ई वर ती १.३ ऐवजी पावणेदोन सेकंदांची भरेल. हाताने काढलेले सगळे तुकडे मग पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागतील.

खर्जवेडा

साडेअकरा मिनिटे पुन्हा? ए मध्येच ठेवतो. पुढच्या शनिवारी त्याच सभागृहात, त्याच गृहस्थांसमोर वाजवायचे आहे. या वेळी त्यांना आधीच मोनो करून ऐकवणार आहे.